तेहेतीस वर्षांपूर्वींचा एक सल्ला

आमच्या दवाखान्यांत खुर्चीच्या मागें कांचेचीं दारें असलेलें एक कपाट आहे. त्यांत मानसोपचारावरचे जाड जाड इंग्रजी ग्रंथ ओळीनें लावून ठेवलेले आहेत. सांगलीसारख्या गांवांत चाळीस वर्षें हा व्यवसाय करीत असतां आमच्या औषधांनीं जितका गुण आला असेल, त्याच्या निमा तरी त्या कपाटाच्या दर्शनानें आला असावा, असें आम्हांस पुष्कळदां वाटतें. खरी गोष्ट अशी कीं, गेलीं दहाबारा वर्षें झाडण्यापुसण्यापलीकडे तें कपाट कोणी उघडलेलें नाहीं. कांहीं अडलें कीं आम्ही टेबलावरच्या संगणकाकडे वळतों. रोग्याबरोबर आलेल्या मंडळींस हें मुळींच रुचत नाहीं. एका गृहस्थांनीं तर बाहेर जाऊन आमच्या कंपाउंडरास हळूच विचारलें, "डॉक्टरांना येत नाहीं म्हणून बघतात काय हो?"

त्या गृहस्थांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. येत नाहीं म्हणूनच आम्ही पाहतों. आणि ज्या काळीं येत नसतांना पाहत नव्हतों, त्या काळांतली एक गोष्ट आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे. ज्या बाईंची ही गोष्ट आहे त्यांची परवानगी आम्हीं घेतली आहे. नांवगांव मात्र सांगत नाहीं.

१९९१ सालच्या पावसाळ्यांत पंचविशींतली एक बाळंतीण आमच्याकडे आली. पहिलाच मुलगा, नुकतेच तीन महिने पुरे झालेले. बाईंना रात्रीं झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतें, आणि मूल रडूं लागलें कीं त्या भिंतीकडे तोंड करून बसत. "मी आई व्हायला लायक नाहीं," हें एकच वाक्य त्या पुनःपुन्हां म्हणत. घरच्यांनीं आधीं दृष्ट काढली, मग डिंकाचे लाडू वाढविले, मग "आमच्या वेळीं नव्हतं हो असं कांहीं" हेंही बोलून पाहिलें. आणि शेवटीं ओळखीच्या एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांना आमच्याकडे आणलें. निदानांत अवघड असें कांहींच नव्हतें. इमिप्रामिन नांवाचें औषध त्या काळीं स्वस्त आणि खात्रीचें होतें. तें लिहून दिलें. उठतां उठतां त्यांच्या सासूबाईंनीं विचारलें, "अंगावर पाजलं तर चालेल ना?"

आम्हीं क्षणाचाही विचार न करतां सांगितलें, "नाहीं. दूध तोडा."

हें आम्हीं कशाच्या आधारावर सांगितलें? आमच्या गुरुजनांकडून तसें ऐकलें होतें. औषधाच्या डबींतल्या घडीच्या कागदावर स्तनपान देणाऱ्या मातेस तें देऊं नये असें छापलें होतें. पण तसें तर बहुतेक सर्व औषधांच्या कागदावर छापलेलें असतें, कारण तो कागद रोग्याच्या हितापेक्षां कंपनीच्या वकिलाच्या समाधानासाठीं अधिक लिहिलेला असतो. कपाटांतल्या ग्रंथांत सावधगिरीची एखादी ओळ होती. औषध आईच्या दुधांत उतरतें इतकें आम्हांस ठाऊक होतें. किती उतरतें, उतरलेल्यापैकीं मुलाच्या रक्तांत किती जातें, आणि तेवढ्यानें त्याचें कांहीं बिघडतें काय, हे तीन प्रश्न आम्हांस पडलेच नाहींत.

दूध तोडलें. बाईंच्या छातीस गांठी धरल्या, ताप आला. मुलास म्हशीचें दूध पाणी घालून सुरू झालें. दिवस पावसाळ्याचे, बाटली किती वेळां उकळली जाणार! पंधरा दिवसांच्या आंत मुलास हगवण लागली आणि आठ दिवस इस्पितळांत सलाईनवर ठेवावें लागलें. सुदैवानें मूल बचावलें. पुढच्या खेपेस बाई आल्या तेव्हां म्हणाल्या, "माझं दूधसुद्धां विषारी झालं." आम्हीं केसपेपरावर "अपराधीपणाची भावना, तीव्र" अशी नोंद केली आणि औषधाची मात्रा वाढविली. तें लक्षण रोगाचें होतें खरें. परंतु त्यांतला निदान अर्धा हिस्सा आमच्या तीन शब्दांनीं निर्माण केला होता, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं. बाई सात महिन्यांनीं बऱ्या झाल्या. आमच्या लेखीं तो एक यशस्वी झालेला केस होता.

त्या काळीं शोध घेण्याची सोयच नव्हती असें म्हणून आम्हांस सुटतां येत नाहीं. सोय होती, पण ती कष्टाची होती. अमेरिकेंतील सैन्याच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे जॉन शॉ बिलिंग्ज यांनीं जगांतील वैद्यकीय लेखांची एक सूची १८७९ सालीं काढण्यास आरंभ केला. 'इंडेक्स मेडिकस' हें तिचें नांव. २००४ सालापर्यंत ती छापील स्वरूपांत निघत होती. पुण्यामुंबईच्या मोठ्या महाविद्यालयांत तिचे खंड असत; एकेक खंड उचलतांना मनगट दुखावें असे. बारीक टाइपांत विषयवार लेखांचीं नुसतीं नांवें. सांगलीहून रात्रींच्या एस्‌. टी. नें निघावें, दिवसभर तीं नांवें वहींत उतरून घ्यावीं आणि रात्रींच्याच गाडीनें परतावें. नांव सांपडलें तरी तें नियतकालिक त्या ग्रंथालयांत असेल याचा भरंवसा नसे. मग मूळ लेखकास कार्ड लिहावयाचें: आपल्या लेखाची एक प्रत कृपा करून पाठवावी. भले लोक पाठवीत. तीन तीन महिन्यांनीं परदेशी तिकिटें लावलेला लिफाफा येई आणि आमचीं मुलें त्या तिकिटांवर झडप घालीत.

अशीं कार्डें आम्हींही पाठविलीं आहेत. स्किझोफ्रेनियावर एका परिषदेंत निबंध वाचावयाचा होता, तेव्हां वीसपंचवीस तरी पाठविलीं असतील. अंगावर पाजणाऱ्या बाळंतिणीच्या औषधाविषयीं मात्र एकही नाहीं. तेथें शोधण्यासारखें कांहीं आहे असेंच आम्हांस वाटलें नव्हतें. उत्तर आम्हांस ठाऊक होतें ना!

पुढें हीच सूची संगणकावर चढली आणि जून १९९७ पासून 'पबमेड' या नांवानें जगांत कोणासही फुकट पाहण्यास मिळूं लागली. आज तींत साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत. आमच्या गांवीं इंटरनेट नीट चालूं लागल्यावर आम्हीही तेथें जाऊं लागलों. परंतु रोगी समोर बसलेला असतांना पबमेडचा उपयोग किती, हें ज्यानें करून पाहिलें आहे त्यासच कळेल. एक शब्द टाकावा तों दोनशें लेख हात जोडून उभे राहतात. त्यांतले कांहीं एकमेकांचें खंडन करणारे, कांहींचा केवळ सारांश फुकट आणि बाकीचा लेख पैसे मोजल्याविना न उघडणारा. ग्रंथालयाच्या किल्ल्या हातीं आल्या, पण ग्रंथपाल भेटला नाहीं, अशी ती अवस्था.

तो ग्रंथपाल आम्हांस २०११ च्या दिवाळींत भेटला. आमची पुतणी औषधनिर्माणशास्त्र शिकून पुण्यास नोकरीस लागली होती. ती भाऊबीजेस आली असतां गोष्टींवरून गोष्ट निघाली आणि तिनें विचारलें, "काका, तुम्ही लॅक्टमेड बघत नाहीं?" अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानें २००६ सालीं ही नोंदवही सुरू केली आहे. विषय एवढाच: आईनें घेतलेलें औषध आणि अंगावर पिणारें मूल. प्रत्येक औषधास एक प्रकरण. आरंभीं थोडक्यांत सारांश. मग आईच्या दुधांत तें किती मोजलें गेलें, मुलाच्या रक्तांत किती आढळलें, अशा मुलांवर काय परिणाम दिसले, दुधाच्या प्रमाणावर काय परिणाम होतो, आणि हें औषध नको असेल तर दुसरें कोणतें पाहावें. प्रत्येक विधानाखालीं तें कोणत्या लेखांतून घेतलें त्याचा दाखला. किंमत कांहीं नाहीं. नांव नोंदवा, परवलीचा शब्द द्या, असली कटकटही नाहीं.

तिनें संगणक पुढें केला आणि म्हणाली, "एखादं औषध टाकून बघा." आमच्या बोटांनीं आपण होऊन इमिप्रामिन हा शब्द टाकला.

दुधांत तें अल्प प्रमाणांत उतरतें; मूल दोन महिन्यांहून मोठें असल्यास त्यास अपाय होईल असें विशेषेंकरून वाटत नाहीं, अशा आशयाचा मजकूर समोर आला. खालीं दाखले होते. त्यांतला एक, आईच्या दुधांत इमिप्रामिन किती उतरतें याच्या मापनाचा, १९७९ सालचा होता. अमेरिकेंतल्या मानसोपचाराच्या एका प्रमुख नियतकालिकांत तो प्रसिद्ध झाला होता. पुण्याच्या ग्रंथालयांत आम्हीं त्याच नियतकालिकांतून इतर लेख उतरून घेतलेले होते. म्हणजे आम्हीं दूध तोडा म्हणून सांगितलें, त्याच्या बारा वर्षें आधींच कोणी तरी एका आईचें दूध घेऊन तें मोजलें होतें. पुतणी फराळास बोलावीत होती. आम्ही जरा उशिरा गेलों.

तेव्हांपासून अंगावर पाजणारी कोणतीही बाई आली कीं आम्ही आधीं तें पान उघडतों. औषध आमच्या कितीही पाठ असलें तरी उघडतों, कारण ही वही जिवंत आहे. नवें कांहीं कळलें कीं जुना मजकूर बदलतो. एक गोष्ट मात्र नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगावीशी वाटते. ही वही 'द्या' किंवा 'देऊं नका' असा निकाल देत नाहीं. किती आया पाहिल्या, किती मुलांचें रक्त तपासलें, एवढें ती सांगते; आणि कित्येकदां तो आंकडा इतका लहान असतो कीं वाचणाऱ्याचा हात थबकावा. तो थबकणें हाच तिचा खरा उपयोग आहे असें आमचें मत झालें आहे.

उलट, अलीकडे प्रश्न टाकतांच घडघडीत उत्तर रचून देणारीं जीं यंत्रें निघालीं आहेत, त्यांचा हात कधींच थबकत नाहीं. आमच्याकडे अनुभवासाठीं येणाऱ्या एका तरुण मुलानें अशा एका यंत्राकडून एका औषधाविषयीं उत्तर आणलें. भाषा सुरेख, खालीं दाखला: लेखकांचीं नांवें, नियतकालिक, साल, खंड, पृष्ठें. आम्हीं पबमेडवर शोधलें. नियतकालिक खरें होतें, खंडही खरा होता. त्या पृष्ठांवर भलत्याच विषयाचा लेख होता, आणि मुलानें आणलेला लेख या जगांत कोणीं लिहिलेलाच नव्हता. मुलगा ओशाळला. आम्ही त्याच्यावर रागावलों नाहीं. न पाहतां ठामपणें उत्तर देण्याची ती विद्या आम्हांस यंत्रावांचूनच साध्य झालेली होती.

आतां २०२४ च्या श्रावणाकडे वळतों. दुपारचे रोगी संपत आले असतां साठीकडे झुकलेल्या एक बाई एका तरुण मुलीला हात धरून आंत घेऊन आल्या. मागें मुलगा, त्याच्या हातांत दुपट्यांत गुंडाळलेलें मूल. बाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ओळखलंत का, डॉक्टर?" आम्हीं ओळखलें नाहीं. "एक्क्याण्णव साल. दूध तोडा म्हणाला होतात." मग ओळखलें. दुपटें घेऊन उभा असलेला तो तीस-पस्तिशींतला उंच मुलगा म्हणजे म्हशीच्या दुधावर आजारी पडलेलें तें मूल. बाई पुढें म्हणाल्या, "ही सून. सातवा आठवडा आहे. माझं झालं होतं तेंच हिला झालंय, मी पहिल्या दिवशीं ओळखलं. औषध काय लागेल तें द्या. पण दूध तोडायला सांगूं नका."

सूनबाई एका महाविद्यालयांत शिकवीत. त्या कांहीं बोलत नव्हत्या. एडिंबरोच्या नांवानें ओळखली जाणारी, १९८७ सालीं प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची एक पत्रिका अशा वेळीं आम्ही भरून घेतों. तीही फुकट मिळते. दहावा प्रश्न स्वतःस इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्यापुढें त्यांनीं 'कधींकधीं' यावर खूण केली. मग इतरांना बाहेर बसवून आम्ही त्यांच्याशीं पाऊण तास बोललों. विचार येत होते. बेत मात्र कांहीं नव्हता, आणि मुलास इजा करण्याचा विचार एकदांही आलेला नव्हता.

मंडळी आंत आल्यावर मुलगा चांचरत म्हणाला, हिला कोठें तरी दाखल करावी आणि बाळाला थोडे दिवस कोल्हापूरला आत्याकडे ठेवावें काय? त्याच्या मनांत वाईट कांहीं नव्हतें; घाबरलेला माणूस आधीं वस्तू दूर ठेवतो. सूनबाईंनीं मान खालीं घातली. आम्हीं कायदा पडद्यावर आणला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सरकारच्या संकेतस्थळावर कोणासही वाचतां येतो. त्याच्या एकविसाव्या कलमांत असें आहे कीं, मानसोपचाराच्या संस्थेंत उपचार घेणाऱ्या स्त्रीपासून तिचें तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळें करूं नये. मुलास धोका असल्यामुळें तसें करावेंच लागलें, तर तें तात्पुरतें असावें, देखरेखीखालीं आईस मूल भेटावें, आणि त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनीं फेरविचार व्हावा. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेंत आई आणि मूल यांस एकत्र ठेवून उपचार करण्याचा विभाग २००९ पासून आहे, हेंही सांगितलें. "दाखल करण्याची वेळ आलीच तर दोघांना एकत्र करूं," आम्ही म्हणालों, "आज ती वेळ नाहीं. मात्र हिला क्षणभर एकटी ठेवूं नका, आणि चार दिवसांनीं मला दाखवा." रात्रींअपरात्रीं घाबरल्यास बोलण्यासाठीं सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक केसपेपरावर मोठ्या अक्षरांत लिहिला. ऑक्टोबर २०२२ पासून ही सोय झाली आहे. वाचकांनींही तो आंकडा कोठें तरी टिपून ठेवावा.

राहिला औषधाचा प्रश्न. आमचा हात सवयीनें फ्लुओक्सेटिनकडे गेला असता. पण तें शरीरांत फार दिवस रेंगाळतें आणि लहान मुलाच्या रक्तांतही आढळतें, हें त्या वहीनेंच आम्हांस शिकविलें आहे. म्हणून सर्ट्रालिनचें पान उघडलें, पडदा त्या तिघांकडे फिरविला आणि एकेक वाक्य मराठींत सांगूं लागलों: दुधांत फार थोडें उतरतें, मुलाच्या रक्तांत बहुधा सांपडत नाहीं, अंगावर पाजणाऱ्या आईस देण्याजोग्या औषधांत बहुतेक जाणकार यास पसंती देतात. आम्ही सांगत असतां सूनबाई पुढें वांकल्या आणि स्वतःच वाचूं लागल्या. मग म्हणाल्या, "अकालीं जन्मलेल्या मुलांच्या बाबतींत जपावं असं लिहिलंय. आमचा पूर्ण दिवसांचा आहे." त्या दुपारीं आपण होऊन उच्चारलेलें त्यांचें तें पहिलें वाक्य. आम्हीं बालरोगतज्ज्ञांस फोन करून मुलाचें वजन वगैरे विचारून घेतलें आणि औषध लिहून दिलें.

अशा प्रसंगीं रोगाचें नांव कागदावर लिहावें लागतें. तेंही जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणांतून पडद्यावरच पाहून लिहितों. त्यांत बाळंतपणाशीं निगडित मानसिक विकारांस स्वतंत्र जागा दिली आहे, हें चांगलें झालें. त्या रात्रीं आणखीही थोडें वाचलें. गोव्याच्या एका जिल्हा रुग्णालयांत २७० गर्भवती स्त्रियांची पाहणी करून २००२ सालीं एक लेख प्रसिद्ध झाला आहे. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीं त्यांतल्या शेंकडा २३ स्त्रियांस असा खिन्नतेचा विकार आढळला होता. दारिद्र्य, नवऱ्याशीं बेबनाव, आणि मुलगा हवा असतां मुलगी होणें, ही त्यामागचीं कारणें. सांगलीहून गोवें एका रात्रींचा प्रवास. पण तेथल्या बायकांचें दुःख आम्हांस कळण्यास आम्हांस वॉशिंग्टनजवळच्या ग्रंथालयाच्या दारांतून जावें लागलें. आणि "आमच्या वेळीं नव्हतं हो असं कांहीं" हें वाक्य आठवून त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप आली नाहीं.

दिवाळीच्या आधीं तीं मंडळी पुन्हां आलीं. सूनबाईंच्या चेहऱ्यावर तेज आलें होतें. महाविद्यालयांत केव्हां रुजूं व्हावें याची त्या चौकशी करीत होत्या. मूल गुटगुटीत. बोलणें संपल्यावर आम्हीं त्यांना बाहेर बसण्यास सांगितलें आणि बाईंना थांबविलें. इमिप्रामिनचें पान उघडून त्यांना दाखविलें, आणि १९७९ या आंकड्यावर बोट ठेवून जें सांगावयाचें तें सांगितलें. हें सांगावें कीं न सांगावें याचा विचार आम्हीं अडीच महिने केला होता. बरी झालेली जखम कां उघडावी, असें आमच्या घरांतूनही म्हणणें पडलें होतें.

बाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तेव्हां कां नाहीं पाहिलंत?"

आम्हीं सांगितलें, तेव्हां हें असें समोर दिसत नसे. पुण्यास जाऊन शोधावें लागे, मग अमेरिकेस पत्र टाकावें लागे. उत्तर यायला तीन महिने लागत.

"तीन महिन्यांनीं तो सहा महिन्यांचा झाला असता," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं प्याला असता हो तो."

आम्हीं कांहीं बोललों नाहीं. बाहेर बांकावर सूनबाईंनीं मुलास पदराखालीं घेतलें होतें. बाईंनीं पिशवींतून चष्मा काढून डोळ्यांवर चढविला, खुर्ची पुढें ओढली आणि म्हणाल्या, "काय लिहिलंय तें सगळं वाचून दाखवा मला. मराठींत." आम्हीं पहिल्या ओळीपासून वाचण्यास आरंभ केला.